एकोणतीस, एकाहत्तर

१२ जानेवारी

दादा,

वर नेहमीचा मायना घातलेला नाही. दहा वर्षांनी लिहिताना कुठला घालावा ते ठरेना. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता वहिनींनी आईला दिला होता, त्यांच्यावर रागावू नकोस.

कामं दोन आहेत. पहिलं बँकेचं. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जूनमध्ये जाईल. त्यानंतर बँक घराचे मूळ कागद परत देते, पण कर्जावर ज्यांची नावं आहेत त्यांनी समोर येऊन सही करावी लागते. घर बाबांच्या नावावर आहे, कर्ज बाबा आणि तू अशा दोघांच्या. पहिली दहा वर्षं हप्ते तू भरलेस, नंतरची दहा मी, पण माझं नाव कशावरच नाही. तेव्हा तुला एकदा यावं लागेल.

दुसरं काम बाबांचं आहे, ते सांगतात तसं लिहिते. घराची वाटणी त्यांना हयातीत करून ठेवायची आहे. त्यांचं हृदय थकलंय. डॉक्टर वर्षांची भाषा करत नाहीत, महिन्यांची करतात. वाटणी अशी, की ज्यानं जेवढं मुद्दल फेडलं तेवढं घर त्याचं. शंभरांपैकी तुझे एकोणतीस, माझे एकाहत्तर. आकडा बरोबर आहे. मी तपासला.

तो आकडा तुला नवा नाही. जेवणाच्या टेबलावरचं ते बोलणं बाबा अजून कुणालाही ऐकवतात, अगदी इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सलासुद्धा, त्यामुळे मलाही पाठ झालंय. तुझं नुकतंच लग्न झालं होतं आणि तुला वेगळं घर घ्यायचं होतं. तू म्हणालास, "वीसपैकी दहा वर्षं मी भरली. अर्धं घर माझं. तेवढे पैसे द्या, मी माझं बघतो." बाबांनी आतून बँकेचा हप्त्यांचा तक्ता आणला आणि आमटीच्या भांड्याशेजारी पसरला.

"हा बघ. दहा वर्षांत मुद्दल गेलं एकोणतीस. एकाहत्तर अजून तसंच उभं आहे. बाकी तू भरलंस ते सगळं व्याज. आणि व्याज म्हणजे काय रे? दुसऱ्याच्या पैशाचं भाडं. भाडेकरू होतास तू इथं. मालक नव्हेस."

आई म्हणाली, "अहो, त्याचं जेवण तरी होऊ द्या."

झालं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही दोघं गेलात.

तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. "एकोणतीसचा काही पत्ता?" असं विचारतात. विचारतात मात्र नेमानं. मला कधीकधी एकाहत्तर म्हणतात, लाडानं. आईला दोन्ही खपत नाहीत. "मी दोन मुलं जन्माला घातली," ती म्हणते, "अपूर्णांक नाहीत."

यायचं कधी ते कळव. वाटणीबद्दल तुला काय म्हणायचंय तेही कळव. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

पाकीट मिळालं. आत दोन ओळींची चिठ्ठी आणि सही केलेलं हक्कसोडपत्र. घरावर तुझा कसलाही दावा नाही, एकोणतीसही नकोत, सगळं तिला द्या.

एक तांत्रिक बाब सांगते. असा कागद नोंदणी कार्यालयात स्वतः हजर राहून करावा लागतो. टपालानं आलेल्या कागदाला किंमत नाही. चिडून काही पाठवायचं तर तेही नीट चौकशी करून पाठवावं.

बाबांनी माझ्या हातात पाकीट पाहिलं. उशा लावून बसले होते.

"काय म्हणतोय एकोणतीस?"

"सही केलीय त्यानं."

"कशावर?"

"सगळ्यावर. त्याला काहीच नको."

"माज आहे," ते म्हणाले. थोडा दम खाऊन पुन्हा म्हणाले, "नको म्हणजे काय? त्याचे आहेत ते. मी कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही आजवर. घ्यायला लावा त्याला."

तुला आठवत असेल, छापखान्यात पगारपत्रकं करताना एखाद्याच्या पगारात थोडी जरी चूक निघाली तरी ते रविवारी त्याच्या घरी पैसे नेऊन द्यायचे. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मते ते तुझ्याशी काटेकोर न्यायानं वागले.

वहिनींचा आईला फोन आला होता. तू घरी नसताना त्यांनी केला, हे मी लिहितेय कारण त्यांनी "सांगू नका" असं म्हटलं नाही. तुमचा घरमालक घर विकतोय. मेअखेर जागा सोडायची आहे. हे सातवं घर. शाळा पुन्हा बदलावी लागेल. वहिनी म्हणाल्या, तुझी मुलगी आता नव्या घरात गेल्यावर आपलं सामान खोक्यातून बाहेर काढतच नाही. लागेल तेवढं काढते, आणि काम झालं की परत ठेवते. आईनं फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकचा नळ सोडून उभी राहिली. धुवायला काही नव्हतं.

म्हणजे पैसे तुला हवे आहेत. अर्ध्यात तुमचं लहानसं घर होईल. एकोणतीसांत होणार नाही, हे मी तुमच्याकडच्या किमती बघून सांगतेय. आणि तू शून्य मागतोयस.

मी तुझं हक्कसोडपत्र कपाटात ठेवलंय. बाबांना ते नोंदवून घ्यायचं नाही आणि मलाही नाही. कारणं वेगवेगळी आहेत.

तुझी बहीण


६ एप्रिल

दादा,

हे पत्र लांब आहे. आकडे आहेत. बसून वाच.

मी कामावर दाबमापकं तपासते. बॉयलरवर, टाक्यांवर गोल तबकडीची असतात ती. तपासायची पद्धत ठरलेली आहे. दाब शून्यापासून वाढवत न्यायचा आणि टप्प्याटप्प्यावर काटा वाचायचा. मग वरून खाली आणत त्याच टप्प्यांवर पुन्हा वाचायचा. दाब तोच असला तरी चढता काटा आणि उतरता काटा बहुतेक वेळा थोडं वेगळं दाखवतात. फक्त चढती वाचनं घेऊन सही करणारा माणूस आमच्याकडे टिकत नाही.

बँकेचा तक्ता आपल्या घरात सगळ्यांनी वरून खालीच वाचलाय. मीसुद्धा. तुझं पाकीट आल्यावर मी तो खालून वर वाचला.

आधी जे सगळ्यांना मान्य आहे ते. हप्ता वीस वर्षं तोच राहिला, कारण कर्जाचा दर ठरलेला होता, वर्षाला नऊ टक्के. तो तूच निवडला होतास, तेविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीत. "पगार ठरलेला आहे तर हप्ताही ठरलेला हवा," म्हणाला होतास. पुढे बाजारातले दर उतरले तेव्हा बाबांनी त्यावरूनही तुला ऐकवलं. चढले असते तर काय म्हणाले असते, ते कुणी विचारलं नाही.

हप्ता तोच, पण त्याच्या आतली वाटणी दर महिन्याला बदलते. बँक आधी उरलेल्या कर्जावरचं त्या महिन्याचं व्याज काढून घेते, आणि राहील ते मुद्दलात टाकते. पहिल्या महिन्यात सगळं कर्ज उभं होतं, म्हणून तुझ्या हप्त्यातल्या दर शंभरांपैकी त्र्याऐंशी व्याजात गेले, सतरा मुद्दलात. पुढच्या महिन्यात कर्ज किंचित कमी, म्हणून व्याज किंचित कमी, मुद्दल किंचित जास्त. असं वीस वर्षं. तुझ्या दहा वर्षांत एकही महिना असा आला नाही, की मुद्दल व्याजाच्या पुढे गेलं. माझ्या शेवटच्या हप्त्यात व्याज शंभरात एकसुद्धा नसेल. यात माझी काही कर्तबगारी नाही. मी उशिरा आले.

मूळ कर्ज शंभर धर. तू एकूण एकशेआठ भरलेस. मीही एकशेआठच. तुझ्यातले एकोणतीस मुद्दलात गेले, माझ्यातले एकाहत्तर. बाबांचं वाचन इथं संपतं.

आता उलटीकडून. पहिल्या वर्षी दिलेला एक पैसा आणि विसाव्या वर्षी दिलेला एक पैसा सारखा नसतो. सारखा असता तर बँकेनं व्याज घेतलंच नसतं. म्हणून मी प्रत्येक हप्ता बँकेच्याच दरानं मागे नेला, घराची किल्ली हातात आली त्या दिवसापर्यंत. माझा शेवटचा हप्ता असा मागे नेला तर त्याच्या दर शंभराचे जेमतेम सतरा उरतात. तुझा पहिला जवळजवळ शंभरच राहतो. सगळ्या हप्त्यांची बेरीज मूळ कर्जाएवढी यायला हवी, म्हणजे शंभर. आली. त्या शंभरात तुझे किती, माझे किती, ते वेगळं केलं.

तुझे एकाहत्तर. माझे एकोणतीस.

मी पुन्हा केलं. मग कामावरच्या संगणकावर केलं. तेच.

बाबांना सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. छाती आधीच कमजोर. पण वाटणी त्यांच्या हातून होणार आहे आणि चूक आकड्याची आहे. आकड्याची चूक त्यांच्यापासून लपवली हे त्यांना कळलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं.

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाबा, मालकानं सहा महिने उशिरा पगार दिला तर तुम्ही काय म्हणायचात?"

"कापलेला पगार. आकडा तोच असला म्हणून काय झालं?"

"मग दादानं दहा वर्षं आधी दिलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा मागितला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढचे काही दिवस त्यांनी पेन्सिलीनं सगळं स्वतः केलं, हातानं, पानंच्या पानं. आई जेवण घेऊन गेली की म्हणायचे, "ठेव तिकडे, हातचा विसरेन." एका सकाळी मला हाक मारली.

"तुझा दुसरा दशांश चुकलाय."

चुकला होता. खूश झाले होते त्यावर. मग पानं नीट जुळवली, कडा सारख्या केल्या.

"म्हणजे मी त्याला उलटं सांगितलं."

"उलटं नाही. एकाच बाजूचं. तुमचंही वाचन खरं आहे."

"दोन्ही खरी कशी असतील? तुमच्याकडे काय करतात अशा वेळी?"

"दोन्हींची सरासरी लिहितात."

त्यांनी तोंडातल्या तोंडात बेरीज केली. "पन्नास."

"हो."

"तो पन्नासच म्हणत होता."

"हो."

"आकडेमोड न करता?"

"न करता."

त्यांनी वरच्या पानावर पन्नास लिहिलं. मग म्हणाले, "मग तो गेला कशाला?" अगदी खरं विचारत होते, दादा. हिशोब बरोबर असलेला माणूस उठून का जाईल, हे त्यांना कळत नव्हतं.

आई दारात होती. "अहो, तुम्ही घालवलंत म्हणून गेला," ती म्हणाली. "आता काय तेही कागदावर काढून दाखवू?"

त्याच दुपारी त्यांनी तुमच्या घरी फोन लावायला सांगितला. वहिनींनी घेतला. बाबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "भाडं किती भरता तिकडे?" वहिनींनी सांगितलं असणार. बाबा "बरं, बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं. तुझ्यापर्यंत ती चौकशी कशी पोहोचली असेल, याची मला कल्पना आहे. तसा अर्थ काढू नकोस.

आणखी एक, हे आकड्यांत बसत नाही. तू पहिला हप्ता भरलास तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुझं व्याज ज्या वर्षांचं होतं त्या वर्षांत मी त्या घराच्या आतल्या खोलीत दार लावून अभ्यास केला. भाडं असेल तर ते माझं भाडं तू भरलंस.

वाटणी अर्धी-अर्धी करायची, असं बाबांनी मान्य केलंय. वकिलांना बोलवायचंय. तू आलास तर एकाच दिवसात उरकेल.

तुझी बहीण


२० मे

दादा,

आज सकाळी बाबांना मेंदूत झटका आला. उजवी बाजू गेली. घरीच आहेत. इस्पितळात न्यायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. वाचा गेलीय. एखादा शब्द येतो, तो जागेवरचा असेल असं धरू नये, असं डॉक्टर म्हणाले.

वकिलांकडे कागद तयार होता. आता बाबांची सही होऊ शकणार नाही.

तू ये. सहीसाठी नाही.

हे पत्र मी जलद टपालानं पाठवतेय आणि फोनही करतेय. निदान आज उचल.


९ जुलै

दादा,

तू परत पोहोचल्याचं वहिनींनी कळवलं. बाबा गेल्यावर तू आलास तेव्हा समोर बसून बोलायला आपल्याला पाच दिवस होते, आणि आपण गॅसची नोंदणी, पेन्शन आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती यांवर बोललो. म्हणून पुन्हा पत्र.

आधी कामाचं. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यामुळे घर आपोआप तिघांकडे येतं, आई, तू आणि मी. आईशी बोलले. ती म्हणाली, "मला खिडकीजवळची खाट द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा." तिला तिचा वाटा ठेवावाच लागेल, मी तिला तसं सांगितलंय. उरलेलं आपल्यात निम्मं-निम्मं. हे उपकार नाहीत, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न येत नाही. तुझं हक्कसोडपत्र मी फाडलेलं नाही, फाडणं नाटकी वाटलं. नोंद नसलेला कागद तशीही रद्दीच असते.

बँकेत तू कागदांची फाइल न उघडताच माझ्याकडे सरकवलीस. तिथला अधिकारी म्हणाला, "अभिनंदन, घर मोकळं झालं." तू त्याला "थँक्यू" म्हणालास. मला ते ऐकवलं नाही.

तुमची जागा सुटलीय आणि सामान वहिनींच्या बहिणीकडे पडलंय, हे मला तू सांगितलं नाहीस, वहिनींनी सांगितलं. आपल्या वाटणीचे पैसे उभे राहायला वेळ लागेल. तोपर्यंत बाबांची खोली आहे. शाळेची चौकशी मी केलीय. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी दोनदा विचारणार नाही.

आता दुसरं.

बँकेबाहेरच्या बाकावर तू विचारलंस, "शेवटी काही बोलले?" मी म्हटलं, "नाही. वाचा गेली होती." आई आपल्या दोघांच्या मधे बसली होती. ती माझ्याकडे बघून काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. तिचा वेगळा समज आहे आणि तो मला मोडायचा नव्हता. त्यावर ती झोपू शकते. पण तुला खरं कळायला हवं.

बाबा एकच गोष्ट बोलले. झटका आला त्याच दुपारी. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. ओठांतून निम्मं बाहेर येत होतं. त्यांनी चमचा डाव्या हातानं बाजूला केला आणि म्हणाले, "एकाहत्तर कुठाय?"

जडच, पण स्पष्ट. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बघ, तुलाच हाक मारतायत," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली. तिला त्यांनी पेन्सिलीनं केलेली ती पानं ठाऊक होती, पण आत काय आलं ते तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी एकाहत्तर म्हणजे मी.

मीही तेच धरलं. एका वाचनावरून मी काही लिहीत नाही. मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाकले आणि म्हटलं, "मी इथंच आहे, बाबा."

त्यांनी मला नीट पाहिलं. ओळखलं. आणि मान हलवली, नाही अशी. पगारपत्रकावर चुकीच्या रकान्यात बोट ठेवलं की हलवायचे तशी. मग दाराकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "एकाहत्तर कुठाय?"

मी म्हटलं, "निघालाय."

त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि पाणी घेतलं.

तू निघाला नव्हतास. मी तेव्हा तुला झटक्याचं ते पत्रही लिहिलेलं नव्हतं.

तुझी बहीण